जे आठवणार नाही, ते कुणाचे?

बृहदारण्यक उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात काशीचा राजा अजातशत्रू आणि विद्येचा ताठा असलेला गार्ग्य बालाकी यांची गाठ पडते. ब्रह्म म्हणजे काय ते गार्ग्य एकामागून एक सांगत जातो, राजा एकेक उत्तर बाजूला सारतो, आणि अखेर निरुत्तर झालेला गार्ग्य राजाकडेच शिष्य म्हणून येतो. राजा लगेच प्रवचन सुरू करत नाही. तो गार्ग्याचा हात धरतो आणि दोघे एका झोपलेल्या माणसापाशी जातात. राजा त्या माणसाला मोठ्या मानाच्या नावांनी हाका मारतो; तो उठत नाही. मग हाताने हलवतो, तो उठतो. राजा विचारतो, हा झोपला होता तेव्हा याच्यातला जाणणारा कुठे होता, आणि आता आला कुठून? आज शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाची गुंगी किती खोल आहे हे मोजायची भूलतज्ज्ञांची एक पट्टी आहे. तिच्या पायऱ्या याच क्रमाने उतरतात: नेहमीच्या आवाजात नाव घेतले की रुग्ण ओ देतो, नाव मोठ्याने, दोनतीनदा घ्यावे लागते, नावाने काहीच होत नाही, खांदा हलवावा लागतो, आणि हलवूनही काही नाही. राजाची परीक्षा या पट्टीवर जवळजवळ जशीच्या तशी आहे. त्याचा प्रश्न मात्र पट्टीवर नाही, आणि आज तो प्रश्न सर्वांत निकडीचा झाला आहे तो कंपवाताच्या रुग्णाच्या मेंदूत इलेक्ट्रोड बसवताना.

या शस्त्रक्रियेला डीप ब्रेन स्टिम्युलेशन, थोडक्यात डीबीएस म्हणतात. १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रनोबल इथे आलिम-लुई बेनाबिद आणि पिएर पोलाक यांनी दाखवले की थॅलॅमस या भागात सेकंदाला शंभराहून अधिक वेळा विजेचे बारीक स्पंद दिले तर हाताचा कंप थांबतो. पुढे १९९०च्या दशकात पार्किन्सन्ससाठी, म्हणजे कंपवातासाठी, मुख्य लक्ष्य ठरले ते सबथॅलॅमिक न्यूक्लिअस: मसुराच्या घाटाचा, जेमतेम काही मिलिमीटरचा पेशींचा पुंजका, मेंदूत खोलवर, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. आता मुंबई-पुण्यातही ही शस्त्रक्रिया होते. तिची तयारी रुग्णावर कठीण जाते. आदल्या रात्रीपासून कंपवातावरची लेव्होडोपाची गोळी बंद करतात, कारण कंप आणि ताठरपणा डॉक्टरांना दिसायला हवा. म्हणजे रुग्ण टेबलावर येतो तोच त्याच्या सगळ्यांत वाईट अवस्थेत. डोक्याला धातूची चौकट बसवतात, ती चार अणकुचीदार स्क्रूंनी कवटीच्या हाडावर आवळलेली असते. त्या चार जागा आधी इंजेक्शनने बधिर करतात. स्कॅन झाला की टाळूची कातडी बधिर करून कवटीला बटणाएवढे भोक पाडतात. मेंदूला स्वतःला दुखत नाही; दुखते ते कातडीला, हाडावरच्या पातळ आवरणाला आणि मेंदूवरच्या जाड पडद्याला. ड्रिलचा आवाज मात्र हाडातूनच येतो, त्यामुळे तो डोक्याच्या आत सुरू झाल्यासारखा वाटतो. चौकट टेबलाला जखडलेली, मान हलत नाही, पाठ अवघडलेली, आणि हे तासन्‌तास.

मग अतिशय बारीक टोकाची तार लक्ष्याकडे कणाकणाने सरकवतात. वाटेतल्या पेशींची विद्युत हालचाल स्पीकरवर ऐकू येते. आधी तुरळक टकटक असते. तार न्यूक्लिअसमध्ये शिरली की आवाज एकदम दाट होतो, पत्र्यावर पावसाची सर यावी तसा, बेताल. त्याच्या खाली सबस्टॅन्शिया नायग्रा हा भाग लागला की ठोके पुन्हा नेमस्त पडू लागतात. यानंतर थोडा विद्युतप्रवाह देऊन पाहतात. डॉक्टर रुग्णाचे मनगट वळवत असतात. दातेरी चाकासारखे अडकत अडकत वळणारे ते मनगट हातातल्या हातात सैल होते. रुग्णाला बोटे आपटायला सांगतात, महिन्यांची नावे म्हणायला सांगतात. जीभ जड झाली, तोंड एका बाजूला ओढले गेले, हातात मुंग्या आल्या, तर प्रवाह शेजारच्या वाटांवर सांडतो आहे हे कळते. मुंग्या आल्या हे सांगायला रुग्ण जागाच हवा, आणि इथेच गुंगीची अडचण होते. कंप झोपेत सहसा नाहीसा होतो. रुग्णाला निवांत केले की ज्यावर इलाज करायचा तेच दिसेनासे होते. बेंझोडायझेपीन गटाची औषधे कंप दाबतात, म्हणून ती टाळतात. दुधासारखे पांढरे प्रोपोफॉल पेशींचा आवाजही मंदावते, म्हणून ते चौकट बसवताना आणि भोक पाडताना देऊन नंतर बंद करतात. डेक्समेडेटोमिडीनची वाट वेगळी आहे. ते मेंदूच्या देठातल्या जागे ठेवणाऱ्या केंद्रावर काम करते, त्याने येणारी झोप नैसर्गिक झोपेच्या जवळची असते, आणि बेताच्या मात्रेत ते पेशींच्या नोंदी फारशा बिघडवत नाही. नाव घेतले की रुग्ण डोळे उघडतो, सांगितले ते करतो, आणि बोलणे थांबले की पुन्हा पेंगतो. अशा रीतीने एका सकाळी तो माणूस अजातशत्रूची पट्टी कित्येकदा चढतो आणि उतरतो.

जागे ठेवण्याची ही सगळी यातायात अपरिहार्य आहे असे बरीच वर्षे मानले जात होते. आता ते तितक्या ठामपणे म्हणता येत नाही. ॲमस्टरडॅममध्ये ११० पार्किन्सन्स रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी करून अर्ध्यांची शस्त्रक्रिया जागेपणी आणि अर्ध्यांची पूर्ण भूल देऊन केली गेली. २०२१ साली आलेल्या निष्कर्षांत हालचालींतली सुधारणा दोन्ही गटांत सारखी होती, विचारशक्ती, मनःस्थिती आणि वागणे यांवरच्या दुष्परिणामांतही फरक दिसला नाही. भूल दिलेल्यांची शस्त्रक्रिया सुमारे २६ मिनिटे लवकर आटोपली आणि त्यांना ती कमी जाचक वाटली. एका केंद्राच्या अभ्यासावर सगळे तोलून धरता येत नाही हे खरे. तरी रुग्णाला तासन्‌तास जागे ठेवायचे तर त्याचे कारण आता त्याला नीट द्यावे लागेल. जिथे जागेपण आणि गुंगी आलटून पालटून वापरतात, आणि तशी केंद्रे पुष्कळ आहेत, तिथे हे कारण देताना एक वाक्य हमखास येते: काळजी करू नका, नंतर तुम्हाला काही आठवणार नाही. ते मायेने म्हटलेले असते आणि बहुतेक वेळा खरेही ठरते. पण ते वाक्य काय घडेल याची माहिती देते. जे घडेल ते योग्य आहे का, याचे उत्तर त्यात नाही. त्या टेबलावरचे दुखणे, भीती, अवघडलेपण संध्याकाळी कुणाला आठवणार नाही म्हणून ते कमी मोलाचे ठरते, असे मानून आपण वागत असू तर चुकतो आहोत, असे माझे म्हणणे आहे. ते फक्त कळवळ्याचे म्हणणे राहू नये, म्हणून त्याला आधार काय आहे ते पाहू.

पहिला आधार शस्त्रक्रियागृहातलाच आहे. पूर्ण भूल देताना स्नायू सैल पाडणारे औषध दिले की रुग्णाला बोटही हलवता येत नाही, त्यामुळे आत कुणी जागे आहे का हे बाहेरून कळायला मार्ग नाही. १९७७ साली टन्स्टॉल या भूलतज्ज्ञाने एक साधी युक्ती मांडली. ते औषध देण्याआधी एका हाताला रक्तदाब मोजण्याचा पट्टा आवळून बांधायचा. औषध त्या हातापर्यंत पोचत नाही, हात मोकळा राहतो. मग रुग्णाचा हात हातात घेऊन म्हणायचे, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात २६० रुग्णांना हे विचारले गेले. घशात नळी घातल्यानंतर त्यांतल्या १२ जणांनी हात दाबला. पुढे दुखते आहे का असे विचारल्यावर त्यांतल्या पाच जणांनी पुन्हा दाबला. शुद्धीवर आल्यावर यातल्या कुणालाही काही आठवत नव्हते. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या मोठ्या पाहणीत, २०१४ साली, भुलेत आपण जागे होतो अशी तक्रार साधारण १९,००० भुलींमागे एक निघाली. दोन्ही आकडे वेगवेगळ्या रीतीने मोजलेले आहेत, त्यांचा भागाकार करू नये. पण विचारल्यावर हात दाबणारे आणि आठवून सांगणारे यांच्यात केवढे अंतर आहे ते त्यातून दिसते. कुणी म्हणेल, हात दाबणे ही शरीराची आपोआप होणारी क्रिया असेल. टाचणी टोचल्यावर हात मागे घेणे आपोआप होते, हे कबूल. दुखते आहे का, हा प्रश्न ऐकणे, समजणे, आणि होकारासाठीच हात दाबणे हे आपोआप होते असे म्हणायचे तर मग आपण दिवसभर एकमेकांना जी उत्तरे देतो त्यांच्याबद्दलही तेच म्हणावे लागेल.

हा प्रश्न आपल्या परंपरेला नवा नाही. गाढ झोपेतून उठलेला माणूस म्हणतो की मी सुखाने झोपलो, मला काही कळले नाही. वेदान्ती म्हणतो, ही आठवण आहे, आणि अनुभवाशिवाय आठवण होत नाही. म्हणून त्या न कळण्यालाही पाहणारा साक्षी तिथे होता. नैयायिकाला हे मान्य नाही. त्याच्या मते ज्ञान हा आत्म्याचा कायमचा गुण नाही, मनाशी संयोग झाला की ते उपजते. गाढ झोपेत मन पुरीतत् नाडीत शिरते, संयोग तुटतो, ज्ञान थांबते. (या पुरीतताचा उल्लेख अजातशत्रूच्याच गोष्टीत येतो, हृदयातून निघणाऱ्या बहात्तर हजार नाड्यांसह.) उठल्यावर माणूस आपली ताजीतवानी गात्रे पाहतो, वेळ गेलेली पाहतो, आणि अनुमान करतो की इतका वेळ मला काही कळत नसणार. शेकडो वर्षे चाललेल्या या वादात दोन्ही बाजूंचा पुरावा एकच, उठलेल्या माणसाचे बोलणे. गुंगीने नेमका या पुराव्यालाच धक्का दिला आहे. मघाशी महिन्यांची नावे म्हटलेला, खांदा दुखतोय असे सांगितलेला, त्यावर उशी सरकवून घेतलेला रुग्ण संध्याकाळी हेच म्हणू शकतो की छान झोप लागली होती, मला काही कळले नाही. तो खोटे बोलत नाही, पण जे म्हणतो ते खरेही नाही.

हा धक्का मला वाटतो नैयायिकाला जास्त बसतो, आणि तोही त्याच्याच शास्त्राच्या भाषेत. आठवण नाही यावरून ज्ञान नव्हते असे अनुमान करायचे, तर जिथे जिथे आठवण नाही तिथे तिथे ज्ञान नव्हते ही व्याप्ती पक्की हवी. टेबलावरच्या त्या माणसाने ती मोडली. हेतू व्यभिचारी निघाला. खरे तर नैयायिकांनाही हे माहीत होते. ज्याचा संस्कार मागे राहत नाही असे उपेक्षाज्ञान त्यांनी मानलेच आहे; चालताना पायाला लागून गेलेली गवताची काडी त्या क्षणी कळते आणि जाते. औषधाने येणाऱ्या विस्मृतीत फरक इतकाच की गवताच्या काडीऐवजी तिथे सुई, ड्रिल आणि भीतीही असू शकते. औषध कळणे थांबवत नाही, त्याचा संस्कार पडू देत नाही. वेदान्त्याने मात्र यावरून विजय साजरा करू नये. गुंगी म्हणजे सुषुप्ती नव्हे, आणि कुणाला तरी दुखत होते एवढे सिद्ध झाल्याने नित्य, निर्विकार साक्षी सिद्ध होत नाही. शिवाय उठल्यावरच्या बोलण्यावर विसंबून केलेला त्याचा युक्तिवादही आता तितकाच डळमळीत झाला आहे. दोघांच्या भांडणातून मी माझ्यापुरते एवढेच घेतो: स्मृती हा नंतर येऊन जबानी देणारा साक्षीदार आहे, आणि तो फितूर होऊ शकतो किंवा गैरहजर राहू शकतो. त्याच्या गैरहजेरीत खटला निकालात काढता येत नाही.

याला सर्वांत गंभीर आक्षेप तत्त्वज्ञ जॉन लॉकच्या बाजूने येतो. त्याच्या ग्रंथाच्या १६९४ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने व्यक्तीच्या एकपणाचे प्रकरण जोडले. त्यात त्याचे म्हणणे असे की व्यक्ती म्हणजे शरीरही नव्हे आणि आत्मद्रव्यही नव्हे. जिथवर जाणीव मागे पोचते तिथवर ती व्यक्ती. जागा सॉक्रेटिस आणि झोपलेला सॉक्रेटिस यांची जाणीव एक नसेल तर ते दोघे एक व्यक्ती नाहीत. मग संध्याकाळी चहा घेत बसलेल्या रुग्णाला टेबलावरचे काही आठवत नसेल, तर ते दुःख त्याचे नव्हतेच, आणि ज्याचे होते तो आता कुठेच नाही. तक्रार करणार कोण? हा युक्तिवाद भुरळ घालतो, कारण तो सगळ्यांची सुटका करतो. पण औषध काय करते ते बारकाईने पाहिले की तो कोसळतो. ते जुन्या आठवणी पुसत नाही, नव्या नोंदू देत नाही. टेबलावरच्या माणसाला आपले नाव ठाऊक आहे, घर ठाऊक आहे, बाहेर बाकावर कोण बसले आहे ते ठाऊक आहे, आणि सकाळी आपण संमतीपत्रावर सही केली हेही. लॉकच्याच कसोटीवर तो आणि सकाळचा माणूस एकच. संध्याकाळच्या माणसालाही सकाळची सही आठवते, म्हणून तो आणि सकाळचा माणूसही एकच. मग टेबलावरचा माणूस आणि संध्याकाळचा माणूस यांना दोन कसे म्हणायचे? संध्याकाळचा माणूस मागे हात लांबवतो तो टेबलापर्यंत पोचत नाही, एवढेच. आणि धरून चाला की लॉकचेच बरोबर आहे, तो माणूस खरोखरच दोन तासांपुरता होता. तर तो आणखीच असहाय ठरतो. ज्याला नंतर कुणाकडे दाद मागता येणार नाही, ज्याच्यासाठी भांडायला स्वतः तोही उरणार नाही, अशा माणसाला दिलेले दुःख हलके होते हे कुठल्या न्यायात बसते?

दुसरा आक्षेप धर्माच्या घरातला आहे आणि मराठी माणसाच्या तोंडी तो सहज येतो. साक्षी अलिप्त आहे, दुःख देहाला, जाणणाऱ्याला त्याचा स्पर्श नाही. मग दोन तासांच्या दुखण्याचे एवढे काय? किंवा, भोग आहेत ते भोगूनच संपवावे लागतात, ते चुकवून काय मिळणार? यातले पहिले वचन खरे असेल तर ते ज्याने अनुभवाने जाणले त्याने स्वतःविषयी बोलायचे आहे. दुसऱ्याच्या टाळूवर सुई धरलेल्याच्या तोंडी ते शोभत नाही. ज्या संतांनी आपल्याला देहाची अनित्यता सांगितली त्यांनी दुसऱ्याची तहान आणि भूक अनित्य म्हणून सोडून दिल्याचे आपण ऐकलेले नाही. आणि भोगाचा सिद्धान्त जर सुन्न करण्याच्या इंजेक्शनला आड येत असेल तर तो शस्त्रक्रियेलाही आड यायला हवा, लेव्होडोपालाही. कंपावर इलाज करणे कर्माच्या विरुद्ध नाही आणि इलाजात होणारे दुखणे कमी करणे मात्र विरुद्ध आहे, ही वाटणी कुणीही समजावून सांगू शकलेले नाही. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्माआधी रुग्णाला खाऊपिऊ घालावे, मद्याची सवय असेल त्याला मद्य द्यावे असे सांगितले आहे, शस्त्राची धार जाणवू नये म्हणून. सांगणाऱ्यांना कर्मविपाक माहीत नव्हता असे नाही.

राहिला डॉक्टरांचा आक्षेप, आणि मला तो सर्वांत आदराने ऐकावासा वाटतो. ते म्हणतील, विसर पाडणे हीच दया आहे. चौकटीत अडकलेल्या त्या तासांची आठवण घेऊन घरी गेलेला रुग्ण महिनोन्‌महिने रात्री दचकून उठू शकतो; दुसऱ्या बाजूची शस्त्रक्रिया करायला नकार देऊ शकतो. शिवाय औषधाची मात्रा ही कसरत आहे. चौकटीमुळे श्वसनमार्ग सहज हाताशी नसतो, गुंगी जास्त झाली आणि श्वास अडला तर नळी घालणे अवघड; कमी झाली आणि रुग्ण घाबरून रक्तदाब चढला तर मेंदूत रक्तस्रावाचा धोका. अशा वेळी थोडा त्रास आणि पूर्ण विसर हा तडजोडीचा भाव वाजवी नाही का? विसर हे देणे आहे हे मी नाकारत नाही. वेदनेची आठवण ही वेदनेतली भर असते, ती टाळता आली तर टाळावी. पण वेदना टाळणे आणि आठवण टाळणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि दुसरे पहिल्याची जागा घेऊ शकत नाही. सहा महिन्यांच्या बाळाला पुढे काही आठवणार नाही म्हणून आपण त्याला सुन्न न करता टाके घालत नाही. मग प्रोपोफॉल चालू आहे, नंतर आठवणार नाही, म्हणून टाळूत बधिरतेचे इंजेक्शन घाईने द्यायचे, ते नीट भिनायच्या आत स्क्रू आवळायचे, रुग्ण कण्हला तरी पुढे जायचे, यामागचे कारण तेवढेच कच्चे आहे. बधिरता पूर्ण हवी, तिचा असर उतरू लागला की ती पुन्हा द्यायला हवी, आणि हे सगळे गुंगी नसल्यासारखेच करायला हवे. भीतीचेही तसेच. चौकटीतल्या माणसाशी बोलत राहणे, पुढे काय होणार ते आवाज होण्याआधी सांगणे, ओठ ओले करणे, हात धरणे या गोष्टींना औषधाचा पर्याय नाही, आणि त्या आठवणीसाठी केल्या जात नाहीत.

संमतीही यामुळे बदलते. काही आठवणार नाही एवढे सांगून घेतलेली सही अर्ध्या माहितीवरची असते. तुम्हाला काही गोष्टी त्या वेळी जाणवतील, त्यांतल्या काही नंतर आठवणार नाहीत. जाणवू नयेत म्हणून आम्ही हे आणि हे करू. आणि पूर्ण भूल देऊनही ही शस्त्रक्रिया करता येते, तिचे फायदे-तोटे असे, हे सांगायला हवे. असे सांगितल्यावर सगळेच झोप मागतील असे मात्र नाही. काहींना जागे राहणे हाच आपला वाटा वाटतो. २००९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये कंपाने हात बिघडलेल्या एका व्हायोलिनवादकाने चौकटीत अडकलेल्या डोक्यानेच व्हायोलिन वाजवले, गजाला हालचाल मोजणारे यंत्र जोडलेले होते, आणि त्याच्या स्वरातली थरथर ऐकत इलेक्ट्रोडची जागा ठरली. बेंगळुरूत २०१७ साली बोटांच्या डिस्टोनियावर, म्हणजे स्नायू आपोआप आखडण्याच्या विकारावर, मेंदूतला बिंदू निकामी करण्याची शस्त्रक्रिया झाली ती रुग्ण गिटार वाजवत असताना. अशा माणसाला गुंगी देऊन बाजूला ठेवणे हाच अन्याय झाला असता. जाग्या माणसाकडे असे काही असते जे कुठल्याच तारेला कळत नाही. १९९९ साली पॅरिसच्या डॉक्टरांनी नोंदवलेली हकिकत प्रसिद्ध आहे. पासष्ट वर्षांच्या एका बाईंच्या इलेक्ट्रोडची चाचणी चालू असताना एका टोकाला प्रवाह दिला आणि त्या रडू लागल्या, आपण कशाच्याच लायक नाही, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागल्या. प्रवाह बंद केल्यावर दीड मिनिटाच्या आत सगळे मावळले. त्यांनी ते बोलून दाखवले म्हणून ते टोक टाळता आले. जागेपणाची किंमत आहे आणि मोलही आहे. ती किंमत द्यायची का, हे ज्याने ती चुकवायची त्यानेच ठरवायला हवे.

डिस्टोनियाच्या मुलांना हा पर्याय नसतो. अंग सारखे पिळवटत असताना चौकट बसत नाही, आणि मेंदूतल्या ग्लोबस पॅलिडस या भागात बसवलेल्या इलेक्ट्रोडचा गुण यायला आठवडे, महिने लागतात, त्यामुळे टेबलावर जागे ठेवून विचारण्यासारखे फारसे नसतेच. ती शस्त्रक्रिया पूर्ण भुलेतच होते. तिथे स्पीकरवरचा आवाज आणि स्कॅन यांच्या आधाराने काम होते आणि मुलाला त्यातले काही विचारले जात नाही. ते मूल भुलेच्या कुठल्या पायरीवर आहे हे मेंदूच्या लहरी पाहून बरेचसे कळते, पूर्ण कळत नाही. म्हणून पुष्कळ भूलतज्ज्ञ झोपलेल्या रुग्णाच्या उशाशीही त्याच्याविषयी वावगे बोलू देत नाहीत, आणि हात लावण्याआधी त्याचे नाव घेतात. तेच जागवून केलेल्या शस्त्रक्रियेत चाचणी संपते तेव्हाही होते. महिने म्हणून झालेले असतात, मनगट सैल झालेले असते, दुसरे भोक बुजवायचे असते. भूलतज्ज्ञ ठिबकणाऱ्या औषधाचा वेग वाढवण्याआधी चौकटीच्या दांड्यांमधून वाकून म्हणतात, काका, झाले बरे का, छान केलेत, आता परत झोप लागेल. काका डोळ्यांनी हो म्हणतात. संध्याकाळी त्यांना यातले काही आठवत नाही.